नवव्या मजल्यावरची राखण

ही गोष्ट खरी आहे, आणि ती पटावी म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही.

पटली तर वाचा. नाही पटली तर रत्नागिरीला या. मी चहा करते. आमच्या बाल्कनीत उभे राहा, आणि मग मला वेड्यात काढा.

माझं नाव राही. मांडवीच्या बाजूला आमची बारा मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर मी, माझा नवरा गुरुप्रसाद आणि सासूबाई आवडाबाई राहतो. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या दिराचा, समर्थचा. तो मुंबईला असतो, त्यामुळे त्याच्या भाडेकरूंचं सगळं निस्तरणं आमच्या गळ्यात.

जे घडलं त्यातली सगळ्यात वाईट संध्याकाळ यंदाच्या शिमग्यानंतरच्या अमावास्येची. पण सुरुवात त्याच्या आधी झाली.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि फ्लॅट बघायला एक परदेशी बाई येणार म्हणून कळलं. किनारा किती खचतोय ते मोजायचं काम करणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. दोन वर्षं राहणार होती. सोसायटीच्या चेअरमनना लगेच घाम फुटला. परदेशी बाई म्हणजे पार्ट्या होणार, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

बाई आली. सावळी, कपाळाला टिकली, केसांची घट्ट वेणी.

"नमस्कार. माझे नाव अनिशा भिकाजी आहे. मी मॉरिशसहून आले आहे," ती म्हणाली.

शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी. चेअरमन चहा प्यायचे विसरले.

तिचे पूर्वज रत्नागिरीकडचे. तिच्या पणजोबांचे वडील, भिकाजी, जहाजात बसून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले ते तिकडेच राहिले. त्यांचं नाव हेच पुढे सगळ्यांचं आडनाव झालं. गाव कुठलं, ते तिला ठाऊक नव्हतं. नुसतं रत्नागिरी एवढंच घरात सांगत आले होते.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

आई पूर्णगडच्या. माहेर सासर दोन्ही दर्यावर जगणारं. त्यांचे वडीलही एकदा होडी घेऊन गेले ते आले नव्हते. समुद्रावरून कुणी परत आलं म्हटलं की या बाईचं काळीज लोण्याचं होतं. एरवी माझ्यासमोर ते कातळाचं असतं, हा भाग वेगळा.

"पोरी, ये गो, घरात ये," म्हणत त्यांनी तिचा हात धरला तो सोडेचनात.

आता आमच्या इमारतीची एक रीत सांगते. तिच्यावरच सगळं अडलेलं आहे.

इमारत होण्याआधी इथे माडांची वाडी होती. वाडीला राखणदार होता. आमच्याकडे प्रत्येक जागेला असतो. दिसत नाही, पण जागा सांभाळतो. घोंगडी पांघरलेला, हातात काठी, काठीला घुंगूर. वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडा द्यायचा. बिल्डर घाटावरचा होता, पण हुशार. त्याने मागच्या बाजूचा एक माड आणि त्याखालचा राखणदाराचा पाषाण तसाच ठेवला.

नवीन माणूस राहायला आलं की आम्ही पाषाणाजवळ जमतो. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. हा मान आईंचा. कुणी दिलेला नाही, त्यांनी घेतलेला आहे.

भाडेकरूंसाठी त्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं असायचं.

"म्हाराजा, हे पाव्हणं हायत. मुदत संपली की आपल्या वाटंनं जातील. तवर यांना सांभाळ."

आणि आम्ही मागून म्हणायचं, "होय म्हाराजा!"

अनिशा सामान घेऊन आली त्या दिवशीही जमलो. दिवेलागणीची वेळ होती. अनिशाने हौसेने काठापदराची साडी नेसली होती, ती सारखी पायात येत होती.

आईंनी नारळ ठेवला. डोळे मिटले. त्यांचा आवाज कापत होता.

"म्हाराजा, ही पाव्हणी नव्हं. ही आपलीच हाय. हिचा म्हातारा दर्यापार गेला तो परत आला नाय. आज त्याचं रगत घरी आलंय. आता हिला सोडू नको. आपल्याजवळ ठेव."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

अनिशाही म्हणाली. सगळ्यात मोठ्याने.

माझ्याही डोळ्यात पाणी आलं होतं. कुणालाच काही खटकलं नाही. प्रेमाने बोललेल्या शब्दात कोण खोट काढणार?

तेवढ्यात वारा पडला. माडाची झावळीसुद्धा हलेना.

पहिल्याच आठवड्यात अनिशा मला म्हणाली, "ताई, काशीरामकाकांना सांगा ना, त्यांनी रोज वर येऊन बसू नये. आता थंडी पडेल."

काशीराम आमचा वॉचमन.

"वर कुठे?"

"माझ्या दाराबाहेर. संध्याकाळी दिवे लागले की काठीचा आवाज येतो. टक्... टक्... लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत. मग ते दाराला पाठ टेकून बसतात. दार करकरते. सकाळी जातात."

मी हसले, पण हसू अर्धंच आलं.

काशीरामचे गुडघे गेलेले. तो पार्किंग सोडून कधी वर येत नाही. आणि त्याच्याकडे काठी नाही, शिट्टी आहे.

"तुम्ही दार उघडून बघितलंत का?" मी विचारलं.

"एकदा उघडले. कुणी नव्हते. पण ताई... लादी गरम होती. कुणी बसून उठल्यासारखी."

नंतर तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आणि इथे समुद्र का बोलत नाही?"

मला कळेना. दुपारची वेळ होती. मी तिच्या बाल्कनीत गेले. समोर भरती. लाटा खडकांवर फुटत होत्या, पांढरा फेस उडत होता.

आवाज मात्र नव्हता.

टीव्हीचा आवाज बंद केल्यावर चित्र हलतं ना, तसं.

मी बाहेर लिफ्टजवळ आले. तिथे समुद्राची गाज नेहमीसारखी. परत आत गेले. काही नाही. कावळासुद्धा त्या कठड्यावर बसत नव्हता. इमारतीची ती सगळी बाजू कावळ्यांनी घाण केलेली, हा एकच कठडा स्वच्छ.

खाली येऊन आईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता हसल्या.

"राखण करतोय तो. बरंच हाय. एकटी पोर."

आणि खरंच राखण होत होती. पाचव्या मजल्यावर बदलीवर आलेले एक साहेब होते. अनिशाला बघून लाळ गाळायचे. एका संध्याकाळी लिफ्टमध्ये तिच्याशी नको ते बोलले आणि तिच्या मागोमाग नवव्या मजल्यावर उतरले.

दुसऱ्या दिवसापासून ते लिफ्टमध्ये पाय ठेवेनात. जिन्याने चढ-उतार. पार्किंगमध्ये गुरुप्रसादला गाठून म्हणाले, "त्या बाईंबरोबर म्हातारा असतो ना काठीवाला... त्यांना सांगा, माझं चुकलं."

महिन्याभरात साहेबांनी खोली सोडली.

आई खूश. मीही, खोटं कशाला बोलू, खूशच होते. बायकांच्या मागे असा एखादा म्हातारा असायला काय हरकत आहे, असं मला वाटलं होतं.

मग हेदवी झालं.

पौषात अनिशा कामासाठी हेदवीला गेली. दोन रात्री राहणार होती. संध्याकाळी तिने गणपतीच्या देवळातून मला फोन केला. घंटा ऐकू येत होती. "ताई, इथे समुद्र बोलतो!" लहान मुलीसारखी आनंदली होती.

सकाळी मी तिच्या कुंड्यांना पाणी घालायला वर गेले. चावी फिरवली. दार उघडेना.

आतून कडी होती.

मी दार वाजवलं... आत काहीतरी हललं... कडी निघाली.

अनिशा उभी होती. आदल्या दिवशीचेच कपडे. पायात चपला. गुडघ्यांपर्यंत लाल माती.

हेदवी आणि रत्नागिरीच्या मध्ये जयगडची खाडी आहे. रात्री फेरीबोट बंद असते. रस्त्याने वळसा घालून यायचं तर गाडीलाही केवढा वेळ लागतो. तिच्याजवळ गाडी नव्हती. तिचे कामावरचे सोबती तिकडे तिला शोधत होते, आणि ती माझ्यासमोर उभी होती.

"मी देवळाच्या पायरीवर बसले होते," ती म्हणाली. "दिवे लागत होते. कुणीतरी माझा हात धरला. खूप खरखरीत हात होता. ओढला नाही, ताई. लहान मुलीला घरी नेताना धरतात तसा धरला."

मी तिला घट्ट जवळ घेतलं. तिच्या केसांना घोंगडीचा वास येत होता. ओल्या घोंगडीचा.

त्या दिवशी पहिल्यांदा आईंचं तोंड उतरलेलं पाहिलं. मग म्हणाल्या, "चूक झाली गो, राही."

"कसली?"

"पाव्हण्याची राखण येगळी. घरच्या माणसाची येगळी. घरचं माणूस तो रातीचं बाहेर ऱ्हाऊ देत नाय. आनि मी तर सांगून बसलंय, सोडू नको म्हणून."

"मग परत सांगा. पाहुणी आहे म्हणून सांगा."

"देवाला दिलेला शब्द असा फिरवतात काय?"

तरी त्या गेल्या. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला.

नारळ आतून कोरडा होता. पाण्याचा थेंब नाही. खोबरंही नाही. नुसती करवंटी.

आम्ही घरी आलो.

त्यानंतर अनिशा दिवसा कामाला जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. आपणहून. वाळत चालली होती. मी डबा द्यायची, तो तसाच परत यायचा. सोबतीला माझ्याकडे झोप म्हटलं तर म्हणायची, "नको ताई. तो खाली येईल. मग तुमच्या दाराशी बसेल."

शिमग्याची पालखी नाचून गेली आणि मॉरिशसहून फोन आला. तिच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आईने फोनवर एवढंच म्हटलं होतं, तू आलीस की मगच मी आत जाईन.

डॉक्टर म्हणत होते, थांबायला वेळ नाही.

मी आणि गुरुप्रसाद तिला स्टेशनवर घेऊन गेलो. भर दुपारची गाडी. मुंबईला उतरून रात्रीचं विमान. दिवसाउजेडी निघालं की काही होणार नाही, असं आमचं आपलं शहाणपण.

गाडी आली. तिचा डबा बरोबर समोर. गुरुप्रसादने बॅग उचलली.

अनिशा जागची हलेना.

"चल ना!" मी म्हणाले.

"ताई... तो दारात उभा आहे."

मी पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

पण लोक चढत होते ना... ते सगळे अंग चोरून चढत होते. एक माणूस पोतं घेऊन आला, दाराशी तिरका झाला आणि कडेने आत गेला. एक बाई पोराला म्हणाली, "बाजूने ये रे." सबंध दार मोकळं असताना प्रत्येक जण कशाला तरी वळसा घालत होता, आणि वर कुणीही बघत नव्हतं.

गुरुप्रसाद बॅग घेऊन पुढे गेला. तोही दाराशी गेला आणि तिरका झाला. मग थबकला. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

तो बॅग घेऊन तसाच मागे आला.

गाडी गेली. अनिशा प्लॅटफॉर्मवर खाली बसून रडली. "माझी आई मरेल, ताई. ती माझी वाट बघेल आणि मरेल."

ती अमावास्या होती.

घरी आलो. आईंनी सगळं ऐकून घेतलं. उठल्या, हिरवं लुगडं नेसल्या, नारळ घेतला.

"तुमी हितंच थांबा. मी एकली जातंय."

मी ऐकलं नाही. मागोमाग गेले, पण कोपऱ्यावर थांबले. दिवे लागत होते. आई पाषाणापुढे वाकल्या होत्या आणि पुटपुटत होत्या. शब्द कळत नव्हते. सुनेशी भांडताना जिचा आवाज बंदरापर्यंत जातो, ती बाई कुजबुजत होती.

मग त्या थांबल्या. कुणी काही विचारावं आणि आपण मान डोलवावी... तशी त्यांनी मान डोलवली. एकदा. मग परत एकदा.

नारळ फोडला. त्यातून इतकं पाणी आलं की त्यांचे पाय भिजले.

"उद्या जाईल पोर," येताना त्या म्हणाल्या. "आनि मी वर ऱ्हायला जातंय. समर्थचा फ्लॅट रिकामा कशाला ठेवायचा?"

"आई, काय बोललात तुम्ही तिथे?"

"त्यानं घरचं माणूस मागितलंन. दिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत स्टेशनवर. लोक सरळ चढत होते. अनिशाही चढली. दारात उभी राहून हात हलवत होती, तिच्यामागे सगळी गर्दी. ती सुखरूप पोचली. ऑपरेशन झालं. तिची आई आता बरी आहे, मला व्हिडिओ कॉलवर तिकडचे गणपती दाखवते. त्या माउलीला काहीच ठाऊक नाही.

आमच्या आई मात्र त्याच संध्याकाळी गोधडी घेऊन नवव्या मजल्यावर गेल्या. ज्या बाईला लिफ्टचीसुद्धा भीती वाटायची, ती.

दिवसा खाली येत. दिवे लागायच्या आत वर. पूर्णगडला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, सकाळी जाऊन अक्षता टाकून आल्या, जेवायला थांबल्या नाहीत. मी रोज डबा घेऊन वर जायची. त्या बाल्कनीत बसलेल्या असायच्या, त्या मुक्या समुद्राकडे बघत.

"मना दर्याचा आवाज हवा गो," एवढंच म्हणायच्या. "जन्मल्यापासनं कानात व्हता."

मला त्यांची फार दया यायची. आयुष्यभर ज्यांच्याशी तोंडाला तोंड दिलं, त्यांच्यासाठी मी जिन्यात उभी राहून रडले आहे.

श्रावणात एकदा त्यांचे केस विंचरत होते. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "तू काळजी करू नको. मी त्याला सांगून ठेवलंय."

"काय?"

"आमच्यात घरातलं देवाचं करणं सासूकडनं सुनेकडं जातं ना? तेच सांगितलं. मी थकले की राही हाय म्हणून."

माझ्या हातातली फणी तशीच राहिली.

त्या दिवशी पाषाणापुढे त्यांनी दोनदा मान डोलवली होती. पहिल्यांदा कशाला, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा कशाला, ते तेव्हा कळलं.

मी ओरडले नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी माझा मान केला होता. घरच्या किल्ल्या द्याव्यात तसा.

आता परवाचं सांगते.

संध्याकाळी मी माझ्याच बाल्कनीत गेले, दुसऱ्या मजल्यावर. कपडे काढायचे होते. समोर भरती होती. लाट उंच उठली, खडकावर आली, फुटली...

आवाज आला नाही.

मी कानात बोटं घालून पाहिली. खाली काशीराम शिट्टी वाजवत होता, ती ऐकू येत होती. वरच्या मजल्यावरचा कुकर ऐकू येत होता.

फक्त समुद्र नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. आईंचा. वरून.

"राही!" आवाजात इतका आनंद मी वर्षभरात ऐकला नव्हता. "मना दर्या ऐकू येतोय गो! आत्ता सुरू झाला! ये, मना खाली घेऊन जा, आज मी खाली झोपणार."

मी "आणते" म्हणाले. त्यांना खाली आणलं. भात वाढला. त्या पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या. गुरुप्रसाद म्हणाला, "सुटलो एकदाचे." मी हो म्हणाले.

मग दाराबाहेर लिफ्ट उघडल्याचा आवाज आला.

टक्... टक्...

दार करकरलं. कुणीतरी बाहेरून पाठ टेकली.

एक सांगते. त्याने आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. रागावलेला असता तर शांत केला असता. तो रागावलेला नाही, त्याला आपण दिलेला शब्द पाळायचा आहे, आणि याचीच मला जास्त भीती वाटते.

माझं माहेर दापोली. उद्या भाऊबीज. दरवर्षी मी आदल्या दिवशीच एसटीने जाते, रात्री राहते. यंदाही बॅग भरली आहे. ती सकाळपासून दारापाशी ठेवलेली आहे. भावाचे फोन येतायत, ताई, निघालीस का?

मी म्हणते, निघते.

आता दिवे लागतायत.